सांधा तपासा, नाव नंतर विचारा

जून २०२३ मधली गोष्ट. ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनवर तीन गाड्यांचा अपघात होऊन एक दिवस झाला होता. मृतांचा आकडा दर तासाला वाढत होता. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. उंचावरून काढलेला. उलटेपालटे पडलेले डबे आणि रुळांच्या बाजूला एक पांढरी इमारत. त्या इमारतीकडे बाण काढलेला होता आणि खाली फक्त वाराची आठवण करून दिली होती, की अपघात शुक्रवारी झाला.

बाकी काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. ज्याला समजायचं त्याला समजलं.

ती इमारत मशीद नव्हती, इस्कॉनचं मंदिर होतं, हे फोटोंची पडताळणी करणाऱ्यांनी लगेच दाखवून दिलं. अपघाताला धार्मिक रंग देणाऱ्यांवर कारवाई करू, असा इशारा ओडिशा पोलिसांनी दिला. मग एक नाव फिरू लागलं. स्टेशन मास्तर अमुक नावाचा आहे, मुसलमान आहे आणि फरार आहे. त्या नावाचा स्टेशन मास्तर तिथे नव्हताच. पण ग्रुपवर ज्यांनी आधीचं टाकलं होतं, त्यांनी नंतरचं टाकलं नाही. मीही टाकलं नाही, हे कबूल करतो. टाकलं असतं तर ‘तुम्हालाच का झोंबलं?’ असं कुणीतरी विचारलं असतं आणि मला त्याचं उत्तर देत बसायचं नव्हतं.

पंधरा दिवसांनी शाळा उघडली. आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, “सर, ती गाडी मशिदीमुळे पडली का?” तो मुलगा कोणत्या घरातला, हे इथे सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. प्रश्न त्याने प्रामाणिकपणे विचारला होता. मी मराठी आणि उर्दू शिकवतो, विज्ञान नाही. पण या प्रश्नाचं उत्तर मला देता येत होतं. माझे मोठे मामू खानदेशातल्या एका जंक्शनवर सिग्नल खात्यात खलासी होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्या क्वार्टरमध्ये राहताना ते ज्याची देखभाल करायचे ती वस्तू मी शेकडो वेळा पाहिली होती. मी फळ्यावर ती काढून दाखवली. मराठीत तिला सांधा म्हणतात, उर्दूत कांटा.

सांध्याची तीन कामं

आगगाडीला स्टिअरिंग नसतं. ड्रायव्हर वेग कमी-जास्त करू शकतो, गाडी वळवू शकत नाही. गाडी कुठे जाणार हे रूळ ठरवतो आणि जिथे एका रुळाचे दोन होतात तिथे सांधा ठरवतो. बाहेरचे दोन रूळ जागेवर पक्के असतात. त्यांच्या आत दोन निमुळते रूळ असतात, तासलेल्या पेन्सिलीसारखे. ते एकमेकांना सळ्यांनी जोडलेले असतात, म्हणजे एक चिकटला की दुसरा उघडतो. त्यांना सरकायचं असतं ते फक्त चार-साडेचार इंच. त्या चार इंचांवर हजार-दीड हजार माणसांचा जीव असतो.

पूर्वी हे काम सांधेवाला हाताने, दांडा ओढून करायचा. आता बहुतेक ठिकाणी मोटर करते. या मोटरची कामं तीन. पहिलं, रूळ सरकवणं. दुसरं, सरकल्यावर कुलूप लावणं, म्हणजे चाकांच्या धक्क्याने तो हलायला नको. आणि तिसरं, सांधा नेमका कुठल्या बाजूला आहे याची खरी खबर केबिनला देणं. ही खबर मिळाल्याशिवाय सिग्नल हिरवा होता कामा नये, अशी सगळी व्यवस्था बांधलेली असते.

मामूंच्या पिशवीत पाना, तेलाची बुधली आणि पाच मिलिमीटर जाडीची एक लोखंडी पट्टी असायची. ती पट्टी ते निमुळत्या रुळाच्या टोकाशी, दोन रुळांच्या मधे धरायला लावायचे आणि केबिनला फोन करून सांधा फिरवायला सांगायचे. पट्टी मधे असताना कुलूप पडता कामा नये आणि केबिनला ‘सगळं ठीक’ अशी खबर जाता कामा नये. पट्टी असतानाही कुलूप पडलं, तर मामू म्हणायचे, “कांटा झूठ बोल रहा है.” मग तो खरं बोलायला लागेपर्यंत ते तिथून हलत नसत. काम झालं की रजिस्टरवर सही. त्याबद्दल त्यांचा एक नियम होता, सही पान्यानंतर, पान्याआधी नाही.

सांध्याला शत्रू पुष्कळ. उन्हाने रूळ ताणतो, थंडीत आखडतो. खडीचा एखादा तुकडा मधे अडकतो. पावसाळ्यात मोटरमध्ये पाणी शिरतं. सांध्याच्या पुढे जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो, तिथे चाकाला छोटीशी फट ओलांडावी लागते आणि प्रत्येक चाक त्या टोकावर हातोडीसारखं आदळतं. गाड्या जड होतात, वेगवान होतात, संख्येने वाढतात, तसा हा मार वाढतो. आणि नेमका तेव्हाच दोन गाड्यांमधला मोकळा वेळ, ज्यात पाना मारायचा असतो, तो कमी होतो.

बहानग्याला काय झालं

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी चौकशी केली. तिचे निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये राज्यसभेतल्या लेखी उत्तरातून लोकांना कळले. स्टेशनच्या उत्तरेकडच्या सिग्नलच्या खोलीत पूर्वी कधीतरी वायरिंगमध्ये बदल केला होता, त्यात त्रुटी राहिल्या. पुढे फाटक क्रमांक ९४ चा विजेवर चालणारा अडसर बदलण्याचं काम करताना आणखी त्रुटी झाल्या. परिणाम असा, की सांधा प्रत्यक्षात बाजूच्या लूप लाइनला लावलेला असताना कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला. गाडी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने लूप लाइनवर गेली आणि तिथे उभ्या असलेल्या लोहखनिजाच्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे शेजारच्या रुळावर पडले आणि तिथून जाणाऱ्या बेंगळुरू-हावडा एक्सप्रेसला लागले. २९० हून अधिक माणसं गेली.

म्हणजे सांध्याच्या तीन कामांपैकी तिसरं काम फसलं. सांधा एका बाजूला होता आणि खबर दुसऱ्या बाजूची गेली. कांटा खोटं बोलला. पण तो स्वतःहून बोलला नाही. वायरी चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या आणि जोडल्यानंतर प्रत्यक्ष रुळाशी जाऊन ताळा कुणी नीट पाहिला नव्हता.

यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. खरगपूर विभागातच बांक्रानयाबाज स्टेशनवर १६ मे २०२२ रोजी चुकीच्या वायरिंगमुळे असाच प्रकार घडला होता. त्या वेळी सगळीकडचं वायरिंग तपासलं असतं तर बहानगा टळलं असतं, असं आयुक्तांच्याच अहवालात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात होसदुर्ग रोड स्टेशनवर एक एक्सप्रेस चुकीच्या लाइनला लागण्याच्या बेतात होती. ड्रायव्हरच्या सावधपणामुळे वाचली. त्यानंतर नैऋत्य रेल्वेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी कळवलं होतं, की सिग्नलच्या दुरुस्तीत नियम डावलले जातात, हे थांबवलं नाही तर गंभीर अपघात होईल. चार महिन्यांनी झाला.

म्हणजे इशारा दोनदा मिळाला होता. आणि अपघात झाल्यावर देश काय शोधत होता? शुक्रवार आणि स्टेशन मास्तरचं नाव.

४ जूनला, म्हणजे सुरक्षा आयुक्तांची चौकशी पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, रेल्वे बोर्डाने सीबीआयकडे तपास देण्याची शिफारस केली. जुलैत तीन कर्मचाऱ्यांना अटक झाली. त्यांचा दोष किती हे न्यायालय ठरवेल, त्याबद्दल मी बोलणार नाही. तिघांची नावं वेगवेगळ्या समाजांतली होती. माझ्या फोनवर मात्र एकच नाव पोहोचलं. कोणतं, ते वाचकांना सांगायला नको.

घातपाताचा सोपा रस्ता

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार नावाचं गाव आहे. १० मे २००२ रोजी तिथल्या सांध्यावरून गाडी जात असताना सांधा चाकांखालीच सरकला. शेवटचा डबा रुळावरून उतरून फलाटावर आडवा गेला. ७ माणसं मेली. त्या रुळांच्या देखभालीचं कंत्राट ज्या कंपनीकडे होतं, तिने सुरुवातीलाच घातपाताची शंका बोलून दाखवली. कुणीतरी बाहेरच्याने येऊन नट काढले असावेत, असा तिचा सूर होता. तपासणी यंत्रणेला घातपाताचा पुरावा मिळाला नाही. मिळालं ते असं, की सांध्याच्या सळ्यांचे नट सैल होते, काही जागेवर नव्हते आणि देखभाल बरोबर झालेली नव्हती. आदल्या संध्याकाळी रेल्वेच्याच एका माणसाने गाडीत बसलेला असताना इथे जोरात धक्का बसतो म्हणून कळवलं होतं. पाहायला गेलेले कामगार स्टेशनच्या भलत्याच टोकाला जाऊन परतले. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, जबाबदारी मान्य झाली. त्याआधीच २००३ मध्ये तिथल्या रेल्वेने रुळांची देखभाल कंत्राटदारांकडून काढून स्वतःकडे घ्यायचं ठरवलं होतं.

एवढ्याने प्रश्न सुटला का? नाही. २३ फेब्रुवारी २००७ ला ग्रेरिग इथे पुन्हा सांध्यावरच एक वेगवान गाडी घसरली. या वेळी कंत्राटदार नव्हता. पाच दिवस आधी, १८ फेब्रुवारीला, त्या भागाची ठरलेली पाहणी व्हायची राहून गेली होती. ती करणं एका पर्यवेक्षकाने आपल्या दुसऱ्या कामाबरोबर अंगावर घेतलं होतं. एक वृद्ध महिला प्रवासी मरण पावली.

पण या वेळी चौकशी निराळी झाली. ब्रिटनमध्ये २००५ पासून रेल्वे अपघातांच्या तपासाची स्वतंत्र संस्था आहे. दोषी कोण हे ठरवणं तिचं काम नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. हे पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं, एवढंच ती सांगते आणि तिचे अहवाल कुणालाही वाचता येतात. ग्रेरिगच्या अहवालाने पाहणी चुकवणाऱ्या माणसावर बोट ठेवून विषय संपवला नाही. सळ्यांची रचनाच अशी का, की नट सैल झाला की पुढचं सगळं ढासळतं? पाहणीसाठी त्या लोकांना पुरेसा वेळ आणि माणसं होती का? एक पाहणी राहिली तर ते लक्षात आणून देणारी दुसरी पायरी का नव्हती? हे प्रश्न विचारले आणि पुढे तिथल्या सांध्यांच्या सळ्यांची घडण बदलली. खटलाही झाला, रेल्वेला ४० लाख पौंडांचा दंडही झाला. पण तो वेगळ्या दालनात, वेगळ्या लोकांनी चालवला.

घातपात कधीच नसतो असं माझं म्हणणं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कवराईपेट्टई इथे बागमती एक्सप्रेस अशीच लूप लाइनवर जाऊन मालगाडीवर आदळली. तिथे सांध्याचे भाग मुद्दाम काढले गेले होते, असा निष्कर्ष सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाला. पण तो कसा निघाला हे पाहा. वाराचा पंचांगात शोध घेऊन नाही. सांध्याचा एकेक बोल्ट तपासून, तो तुटला की काढला हे पाहून. तपास आधी वस्तूचा, मग माणसाचा. आणि माणसाचा तपास करतानाही त्याच्या हाताचा, नावाचा नाही.

मग करायचं काय

रेल्वेने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. निमुळता रूळ जाड पोटाचा घेतला जातो, तो कमी वाकतो आणि जास्त टिकतो. छेदाच्या जागी मँगनीज पोलादाचं ओतीव क्रॉसिंग बसवलं जातं. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आलं. बहानग्यानंतर सिग्नलच्या खोल्यांना दुहेरी कुलूप लावण्याचे आदेश निघाले. मोटर किती वीज ओढते यावर सतत नजर ठेवली तर सांधा जड झालाय हे बंद पडण्याआधीच कळतं, अशी यंत्रंही आहेत.

हे सगळं हवं. पण बहानग्याला यंत्र जुनं म्हणून अपघात झाला नाही. यंत्राला हात लावल्यानंतर ते पुन्हा तपासलं नाही म्हणून झाला. तिथे महागडं यंत्र कमी पडत नव्हतं, पाच मिलिमीटरच्या पट्टीमागची वृत्ती कमी पडली. त्यासाठी माझ्या मते चार गोष्टी लागतात.

पहिली, वेळ. सांध्याला हात लावायचा तर गाड्या थांबवल्या पाहिजेत. मुंबईकडचे वाचक रविवारच्या मेगाब्लॉकला शिव्या घालतात. मीही घातल्या आहेत, लग्नाला निघालेलं आमचं कुटुंब कल्याणला दोन तास अडकलं होतं तेव्हा. पण मेगाब्लॉक म्हणजे मामूंना मिळालेला वेळ आहे. तो आपण दिला नाही तर गाडी थांबवायची नाही म्हणून कुणीतरी घाईत वायर जोडेल.

दुसरी, माणसं. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार २०१७-१८ ते २०२०-२१ या काळात झालेल्या २१७ मोठ्या रेल्वे अपघातांपैकी १६३ गाड्या घसरण्याचे होते. रुळांच्या ठरलेल्या तपासण्या पूर्ण होत नसल्याचंही त्यात नोंदवलं आहे. नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवताना फोटो निघतो. नट कसताना निघत नाही. पण भरती त्या नट कसणाऱ्याची व्हायला हवी.

तिसरी, स्वतंत्र देखरेख. आपले रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत, रेल्वेच्या नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या शिफारशींचं काय करायचं, हे शेवटी रेल्वेच ठरवते. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने कायद्याचं पाठबळ असलेलं स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण स्थापन करा, असं सांगितलं होतं. ते अजून व्हायचं आहे. अपघाताचे पूर्ण अहवाल जनतेला आपोआप वाचायला मिळाले पाहिजेत. अहवाल कपाटात राहिला की त्याची रिकामी जागा फॉरवर्ड भरून काढतात.

आणि चौथी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. चूक सांगणाऱ्याला अभय. “साहेब, माझ्याकडून वायर जोडताना गडबड झाली असावी, गाडी थांबवा,” असं म्हणायची हिंमत खालच्या माणसात हवी. ती येते कधी? चूक कबूल केली तर सुधारणा होईल, आपलं घरदार उद्ध्वस्त होणार नाही, हा भरोसा असेल तेव्हा. मुद्दाम केलेला गुन्हा वेगळा आणि झालेली चूक वेगळी. दोन्हीला एकच फास दाखवला तर चुका होतच राहतील, फक्त कुणी सांगणार नाही.

आता जरा आपल्या माणसांशी बोलतो. अपघाताची बातमी आली की आपल्या घरांत एक धाकधूक असते. मृतांचा आकडा ऐकण्याआधी मनात येतं, या अल्लाह, नाव आपल्यातलं नसू दे. ही भीती खरी आहे, तिला कारण आहे. पण तिने आपलंही एक नुकसान केलंय. आपणही आधी नावच शोधतो. नाव दुसरं निघालं की सुटकेचा श्वास सोडतो आणि विषय संपवतो. तो सांधा, ती वायर, ती न झालेली पाहणी, यांच्याबद्दल आपणही विचारत नाही. आणि त्या सिग्नलखाली, त्या सांध्यावरून गेलेल्या जनरल डब्यात तर सगळ्याच नावांची माणसं होती, मजुरीला निघालेली.

आता विचारणाऱ्या मामूंबद्दलही सांगतो. खलासी ड्युटीवर असला तर शुक्रवारीही गाड्यांच्या मधे मिळेल त्या वेळेत पाना चालवतो. मामूंची जुम्म्याची नमाज कितीदा चुकली असेल, हे त्यांनी कधी मोजलं नाही. त्यांच्याबरोबर काम करणारे पाटील काका एकादशीच्या उपवासातही रात्रीच क्वार्टरवर पोहोचायचे. सांध्याला दोघांचे हात ओळखीचे होते.

त्या मुलाला मी वर्गात एवढंच सांगितलं, “गाडी मशिदीमुळे पडली नाही आणि ती इमारत मशीदही नव्हती. सांधा एकीकडे होता आणि सिग्नल दुसरीकडचा. असं का झालं, हे विचारायला शीक.” त्याने पुढचा प्रश्न विचारला, “मग सर, सिग्नल देण्याआधी कुणी रुळाजवळ जाऊन बघितलं नाही का?”

आठवीतल्या पोराला सुचलेला हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर कुणालाही सुचला नव्हता. मलाही नाही. म्हणून हा लेख मी त्या ग्रुपवरही टाकणार आहे. उशीर झालाय, हे माहीत आहे. ‘तुम्हालाच का झोंबलं?’ असं कुणी विचारलं, तर सांगेन की मीही त्याच गाड्यांनी प्रवास करतो.